गालावरचा अंगठा

आमच्या घरी अढीला हात लावायचा तो फक्त आईनं. पावस गावाच्या अलीकडे रस्ता सड्यावरून, कातळाच्या माळावरून, खाली उतरतो तिथे आमचं घर, आणि घरामागे वडिलांच्या वाट्याला आलेली थोडी कलमं. वडील मुंबईला नोकरीला. ते गणपतीला आणि शिमग्याला यायचे, त्यामुळे आंब्याचं सगळं आईच बघायची. काढलेला आंबा मागच्या अंधाऱ्या खोलीत भाताच्या पेंढ्यावर मांडायचा, त्यावर पुन्हा पेंढा, पुन्हा आंबा. आत ऊब धरते आणि फळ पिकतं. ही अढी. काही दिवस गेले की आई त्यात हात घालायची. एकेक फळ उचलायची, देठाजवळ अंगठा नुसता टेकवायची आणि ते इकडे नाहीतर तिकडे ठेवायची. दाबायची नाही. दाबणाऱ्याची तिला इतकी चीड होती की पेटी घ्यायला आलेल्या एका चांगल्या कपड्यांतल्या गिऱ्हाइकाला तिनं माझ्यादेखत सुनावलं होतं, "दाबताव कशाला? आंबा हाय तो, गाडीचा भोंगा नाय." दाबलेलं फळ वरून तसंच दिसतं आणि आतून काळं पडतं, हे आम्हा मुलांना तिनं इतक्यांदा ऐकवलं होतं की आम्ही अढीच्या खोलीत हात पाठीमागे बांधूनच जायचो.

ह्याच अंगठ्यानं माझं तोंड घालवलं. कित्येक वर्षं मी हे मनात म्हणत आले, तोंडानं कधी बोलले नाही. माझी मुलगी आता आठवीत गेली. गेल्या उन्हाळ्यात तिच्या हनुवटीखाली पहिली गाठ आली, आणि मनातलं सगळं बाहेर पडलं.

माझं सुरू झालं तेव्हा मी दहावीत होते. कपाळावर चार पुळ्या आल्या असत्या तर कुणी ढुंकूनही बघितलं नसतं, त्या वयात सगळ्यांनाच येतात. माझ्या गालांवर आणि जबड्यावर गाठी यायच्या, सुपारीएवढ्या, टणक, खालून पेटलेल्या. उशीवर गाल टेकला की ठणका लागायचा. हसलं की कातडी ओढायची, म्हणून मी हसणं कमी केलं, आणि मग पोरगी शिष्ट आहे असं लोक म्हणायला लागले.

सल्ले फुकट मिळतात आणि तोंडावरच्या पुळीला जरा जास्तच मिळतात. आमच्याकडे माणसाला काहीही झालं तरी ते उष्णतेनं होतं. फणस उष्ण, काजू उष्ण, सुकी मासळी उष्ण, आंबा तर विचारूच नका. बाग घरची आणि मला आंबा बंद. भर मे महिन्यात सगळे रस ओरपत असताना मी कोकमाचं पाणी पीत बसायचे. शेजारची काकी म्हणाली, "तोंड नीट धुवत नसंल ती." मी साबणानं तोंड इतकं घासत होते की कातडी तडतडायची. त्या दिवशी काकीला मी मनातल्या मनात दिलेली शिवी इथे लिहिण्यासारखी नाही, पण ती मी परत घेतलेली नाही.

शाळेत तर काय. आंब्याच्या मुलखात तोंडाला नाव ठेवायला लांब जावं लागत नाही. डागी फळ पेटीत भरत नाहीत, ते रसाच्या कारखान्याकडे जाणाऱ्या कॅनिंगच्या टेम्पोत ओततात, तिथे त्याची साल कुणी बघत नाही. वर्गातल्या पोरांनी माझं नाव 'कॅनिंग' ठेवलं. मी दारातून आत आले की कुणीतरी मागच्या बाकावरून ओरडायचं, "कॅनिंगची गाडी लागली रे!" बाईंना ते ऐकू जायचं. एकदा बाईसुद्धा हसल्या. मी भिंतीकडेच्या बाकावर बसायचे, डावा गाल जास्त गेलेला म्हणून तो भिंतीकडे. दहावीच्या वर्गाच्या फोटोत मी खाली मान घालून चप्पल शोधते आहे असं दिसतं. चप्पल पायातच होती.

आता रविवार. रविवारचं न्हाणं झालं की आई मला मागच्या पडवीत पायरीवर बसवायची. तिचं गणित साधं होतं. कच्चं आहे त्याला ऊब द्यायची, पिकलं की काढायचं. तांदळाचं पीठ, हळद आणि चमचाभर तेल ती पळीत शिजवायची, फडक्यावर पसरायची आणि सोसवेल तितकं गरम गाठीवर बसवायची. वरून जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा डोक्यापासून हनुवटीपर्यंत गुंडाळून गाठ मारायची. दुपारभर मी दाढदुखीच्या म्हाताऱ्यासारखी पडून असायचे. भिंतीच्या पलीकडे अढीत आंबे, अलीकडे मी.

ऊन उतरलं की आई फडकं सोडायची आणि गाठीवर अंगठा टेकवायची. अढीत टेकवायची तसाच, हलका. डोळे अर्धे मिटून जरा थांबायची आणि म्हणायची, "तयार झाली." मग दोन्ही अंगठे दोन बाजूंनी लावायची आणि दाबायची. ते दाबणं मात्र हलकं नव्हतं. अख्खी वाकून, खांद्यातला जोर लावून दाबायची. माझ्या कानात शिट्टी वाजायची आणि पायरीचा चिरा मी नखांनी खरवडायचे. "झाला, झाला," ती म्हणायची, "वाईट हाय ता बाहेर पडला पायजे, बाय." फडक्यावर आलेलं मला दाखवायची. "बघ, केवढी घाण होती आत!" तिच्याही डोळ्यांत पाणी असायचं, ते मी बघितलंय. प्रेमानंच करत होती. हे लिहितानाही माझं डोकं तापतं, कारण तिची माया जरा पातळ असती तर तिनं दोन-चार रविवारांत कंटाळून सोडून दिलं असतं.

दोन दिवसांनी शेजारी नवी गाठ यायची, आधीच्यापेक्षा खोल. आई म्हणायची, "अजून हाय आत." पुढच्या रविवारी पुन्हा पीठ शिजायचं.

मी रत्नागिरीला कॉलेजला जायला लागले तरी हे चालू होतं. मग पंचविशीच्या आसपास कधीतरी गाठी आपोआप थंडावल्या आणि मागे माझं आत्ताचं तोंड उरलं. गालांवर खड्डे, जबड्यावर दोरीसारखे दोन वण. पाऊस पडून गेल्यावर सड्याचा कातळ दिसतो तसं. आईनं ते बघितलं आणि समाधानानं म्हणाली, "मी होते म्हणून तुझा तोंड वाचला. नायतर सडला असता." हे वाक्य तिला फार आवडलं. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना सांगितलं, एसटीच्या थांब्यावर सांगितलं, माझ्या लग्नात माझ्या सासूला सांगितलं. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि काही न सुचून मान हलवली. मी शालू सावरत उभी होते आणि मला तो मांडव पेटवून द्यावासा वाटत होता.

कारण तोवर मला कळलं होतं. नोकरी लागल्यावर मी रत्नागिरीत त्वचेच्या एका डॉक्टरांकडे गेले होते. हे खड्डे भरून येतात का, एवढंच विचारायचं होतं. बाई माझ्याहून थोड्या मोठ्या, शांत बोलणाऱ्या. मी शाळेत विज्ञान शिकवते म्हटल्यावर त्यांनी पाठकोरा कागद ओढला आणि चित्र काढून दाखवलं. केसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. तिचं तोंड बुजलं की तेल आत साचतं. तिथे जे जंतू असतात ते सगळ्यांच्याच कातडीवर असतात, धुतले म्हणून जात नाहीत आणि एरवी कुणाचं वाकडंही करत नाहीत. "खरं नुकसान जंतू करत नाहीत," त्या म्हणाल्या, "ते करते आपली स्वतःची राखण." पांढऱ्या पेशी. काहींच्या शरीरात ह्या पेशी फार लवकर जाग्या होतात. वर पुळी दिसायच्या आधीच त्या केसाच्या मुळाभोवती येऊन जमलेल्या असतात. त्या एकमेकींना हाका घालतात, रक्त तिकडे धावतं, जागा लाल होते, तापते, सुजते, ठणकते. आणि जंतू मारायला त्या जे रसायन सोडतात त्याला जंतू कोणता आणि आपली कातडी कोणती हे कळत नाही. काहींच्या शरीरात हे चटकन विझतं. काहींच्या शरीरात धुमसत राहतं, आणि जिथे जास्त धुमसतं तिथे खड्डा राहतो.

"आणि पू?" मी विचारलं.

"पू म्हणजे बहुतेक मेलेल्या पांढऱ्या पेशीच."

पांढऱ्या पेशी म्हणजे आपल्या शरीराचे सैनिक, हे वाक्य मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. मुलं ते पाठ करतात, मी बरोबरची खूण करते. सैन्य गावात उतरलं की गावाचं काय होतं, ते पुस्तकात दिलेलं नाही. त्या खुर्चीत बसून मला आमच्याकडचा एक वणवा आठवला. मी लहान होते. सड्यावरचं गवत पेटलं आणि आग आमच्या कलमांकडे सरकली. वाडीतले सगळे धावले, हिरव्या फांद्या मोडून घेऊन आग बडवली आणि विझवली. आमचे लोक अशा वेळी खरंच धावतात. दुसऱ्या दिवशी आई बागेत गेली. आगीनं जेमतेम कडेचं गवत खाल्लं होतं. नवीन लावलेली कलमं मात्र सगळी पायांखाली तुडवली गेली होती, आणि मोठ्या झाडांच्या फांद्या आग बडवायला मोडून नेल्या होत्या. बोलायचं कुणाला? सगळे आपल्यासाठीच धावले होते. आईनं घरोघरी जाऊन त्यांचे आभार मानले.

म्हणजे रविवारी जी घाण म्हणून आई मला दाखवायची, ती घाण नव्हतीच. माझ्याच बाजूनं लढून मेलेल्यांचा ढीग होता तो.

"दाबलं की काय होतं?" मी विचारलं. विचारायच्या आधीच उत्तर ठाऊक होतं.

"बाहेरच्या बाजूला फुटली तर नशीब. खोल गाठ बहुतेकदा आतल्या बाजूला फुटते. मग आतलं सगळं कातडीत पसरतं, आणखी पेशी धावून येतात, आणखी जळतं. आणि त्यात कुणी चटका बसेल इतका गरम शेक दिला असेल तर सूज आणखीच." मग माझ्या डाव्या गालाकडे बघून त्यांनी विचारलं, "कोण दाबायचं?"

"मीच," मी म्हटलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. परक्या बाईसमोर आईचं नाव कुठे घ्यायचं?

घरी गेले तर आई चुलीपाशी होती. काय म्हणाली डॉक्टर, म्हणून तिनं विचारलं. आता काही होणार नाही म्हणाली, असं सांगितलं. "मग? मी नसते तर ह्याच्याहून वाईट झाला असता," आई म्हणाली आणि भाकरी उलटली. मी गप्प बसले. त्याला लोक मोठेपणा म्हणतील. मोठेपणा कसला, मला भीती वाटत होती. बोलून टाकल्यावर मला रागवायला काय उरलं असतं?

मग गेला उन्हाळा. वडील जाऊन काही वर्षं झाली होती, आई गावच्या घरी एकटीच राहते, आणि सुट्टीत मी मुलीला घेऊन तिच्याकडे जाते. आंबा उतरायला लागला होता, अढी भरलेली. मी विहिरीवर कपडे धुऊन पिळ्याची बादली घेऊन मागच्या बाजूनं येत होते, तेवढ्यात वास आला. हळदीत शिजणाऱ्या पिठाचा. माझे पाय थांबले आणि डावा गाल ठणकला. लिहायचं म्हणून लिहीत नाही, खरंच ठणकला.

पडवीत त्याच पायरीवर माझी मुलगी बसली होती. आईनं एका हातानं तिची हनुवटी वर धरली होती आणि दुसऱ्या हाताचा अंगठा गाठीवर टेकवला होता. डोळे अर्धे मिटलेले.

"कच्ची हाय अजून," आई म्हणाली. "उद्यापर्यंत तयार व्हईल."

बादली कधी ठेवली ते आठवत नाही. मी तिचं मनगट धरलं.

"हात काढ."

"अगो, पोटीस तर बांधते. घाबरतेस काय?"

"आई, तिच्या तोंडावरचा हात काढ."

"बघ हिचा!" आई मुलीकडे बघून हसली. "हिचा तोंड कुणी वाचवला, इचार हिला."

"कुणी घालवलं ते विचार," मी म्हटलं. आणि मग मला थांबता आलं नाही. सगळं सांगितलं. आत फुटतं ते, आत पसरतं ते, आपलंच रक्त आपल्यावर उलटतं ते. पू म्हणजे घाण नव्हे ते. एकेक रविवार मोजून सांगितला म्हटलं तरी चालेल, कुठल्या गाठीचा कुठला खड्डा ते बोटानं दाखवत गेले. "हा तुझा. हा पण तुझा. हा शिमग्याला दाबलेला, बाबा घरी होते तेव्हा." मी ओरडत होते. शेजारची काकी, तीच ती, कुंपणापाशी येऊन उभी राहिली.

आई भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, आम्हाला दोघींनाही ते चांगलं येतं. ती एवढंच म्हणाली, "मी?" शेजारची पळी तिनं कधी उचलली होती कोण जाणे, त्यातलं पीठ तिच्या हातात घट्ट होत गेलं आणि तिला ते खाली ठेवायचं सुचेना.

"पुरे ना, आई," मुलगी म्हणाली. मग तिनं माझ्या गालाकडे बघितलं. जन्मल्यापासून ती हा गाल बघते आहे, त्यावर झोपली आहे, पण असं तिनं तो कधी बघितला नव्हता. हनुवटीखाली बोट नेऊन तिनं विचारलं, "माझं पण असं होणार?"

मी तिचं बोट गाठीवरून बाजूला केलं.

दोन दिवसांनी मी तिला घेऊन रत्नागिरीला निघाले, तर आई ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभी. मी येणार, म्हणाली. का, ते सांगितलं नाही. एसटीत खिडकीशी बसली आणि सबंध वाटेत मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत होती.

डॉक्टर त्याच. केस पिकलेले, चित्र काढायची सवय तीच. त्यांनी मुलीची हनुवटी बघितली, पाठ बघितली, घरात आणखी कुणाला होतं म्हणून विचारलं. मला होतं, ते तर त्यांना दिसतच होतं. "त्याच्या आधी?" मी नाही म्हणणार होते, तेवढ्यात आई बोलली. "ह्यांच्या पाठीला होते. सगळ्या पाठीला खड्डे होते. आम्ही म्हणायचो कांजण्यांचे असतील." मला एकदम विहिरीवर आंघोळ करणारे वडील दिसले, वर्षातून चार दिवस दिसणारी ती पाठ.

डॉक्टर मान हलवून लिहायला लागल्या, तर आईनं टेबलावर हात ठेवला.

"बाई, खरा सांगा. ही माझी लेक. हिच्या तोंडावरचे खड्डे माझ्या अंगठ्यानं झाले काय?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. तेव्हा मी त्यांना काय सांगितलं होतं ते त्यांना आठवत असणं शक्य नाही, पण मला तसं वाटलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि आईशी नीट बोलल्या.

"आजी, काही दाबल्यामुळे झाले. खोटं सांगत नाही. पण काही न दाबताही झाले असते. तुमच्या यजमानांच्या पाठीवर कुणी दाबलं होतं का? ह्या घराची कातडीच अशी आहे, पेटली की लवकर विझत नाही. कुठला खड्डा कशाचा, ते आता कुणालाच सांगता येणार नाही."

"काही झाले ना पण."

"काही झाले."

आईनं टेबलावरचा हात उचलला आणि पदरात घेतला.

मुलीला मलम दिलं, गोळ्या दिल्या, कित्येक महिने घ्यायच्या. ठिणगी लहान आहे, लवकर आणलंत, त्या म्हणाल्या. वण राहणार नाहीत असं वचन मात्र देत नाही, कमी राहतील असं बघू. माझ्या मुलीनं ते ऐकून घेतलं. ती आता आरशासमोर उभी राहते तेव्हा दिवा लावत नाही. मला तिला सांगावंसं वाटतं की मीही असंच करायचे, पण ते ऐकून तिला बरं वाटेल असं नाही.

परत येताना आई एकदाच बोलली. भाट्याच्या पुलावर गाडी आली तेव्हा ती खाडीकडे बघत म्हणाली, "कुठला कुणाचा, ता नाय सांगता यायचा." डॉक्टरांनी दोन्ही बाजू सांगितल्या होत्या आणि आईनं त्यातली एकच पदरात बांधून आणली होती. दुसरी मी तिला पुन्हा सांगितली, बाबांच्या पाठीची आठवण दिली, शेवटी वैतागून ओरडलेही. ती हो हो म्हणाली. वाडीत आता ती 'मी होते म्हणून तोंड वाचला' असं सांगत नाही. त्या वाक्याचा मला किती वर्षं संताप येत होता. आता ते ऐकायला मिळत नाही आणि घर ओकंबोकं वाटतं.

मी बोलले त्याचा मला पश्चात्ताप नाही. न बोलते तर दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या मुलीचं तोंड हातात घेतलं असतं. वाईट ह्याचं वाटतं की सांगण्यासारखं काही होतं.

डॉक्टरांकडून आलो त्याच आठवड्यात घरात वास सुटला. आधी गोड, मग आंबूस, मग नको असा. अढीच्या खोलीच्या दाराशी चिलटं घोंघावत होती. आई त्या खोलीकडे फिरकलीच नव्हती. भात रांधत होती, अंगण झाडत होती, गिऱ्हाईक आलं की आंबा नाय तयार म्हणून परत पाठवत होती.

"आई, अढी बघायची आहे ना?"

"तू बघ."

"मला कळत नाही. मी कधी लावलाय हात?"

"बघ तूच. माझ्या अंगठ्याचा काय खरा नाय."

मी टोपली घेऊन आत गेले. पेंढा उचलला तर वरच्या थरातली किती तरी फळं बसली होती, साल सुरकुतून पाणी सुटलेलं. खालची जरा बरी. त्यातलं एक मी उचललं आणि देठाजवळ अंगठा ठेवला. मला काहीच समजेना. फळ फळासारखं लागत होतं. मी आणखी जरा जोर दिला.

"दाबू नको!"

आई दारात येऊन उभी होती. आवाज तोच, लहानपणीचा, गिऱ्हाइकांना पळवून लावणारा. मी दचकून अंगठा काढला. तिचे दोन्ही हात पदरात गुंडाळलेले होते.

"दाबला की आतून काळा पडतो," ती म्हणाली. आवाज खाली आला होता. "वरून नाय दिसत."

"माहीत आहे गं."

"मला पण ठाऊक होता," आई म्हणाली. "आंब्याचा ठाऊक होता."

ती माझ्याजवळ आली. पदरातून तिचा हात बाहेर निघाला, माझ्या डाव्या गालापर्यंत आला आणि टेकायच्या आधीच परत गेला. मी आंबा हातात घेऊन तशीच उभी होते. तिनं अंगठा टेकवला असता तरी मी काही म्हणाले नसते.